बर्फाखालची डायव्हिंग आणि बचाव पथकाची सुरक्षितता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोठलेल्या तळ्यात किंवा जलाशयात माणूस बुडाला की बचाव पथकाला बर्फाखाली उतरावं लागू शकतं. हे पान अशा पथकात काम करणाऱ्यांसाठी, त्यात येऊ पाहणाऱ्यांसाठी आणि पथकाबद्दल निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी आहे. नुसतं वाचून कुणी बर्फाखाली उतरू नये. त्यासाठी प्रत्यक्ष प्रशिक्षण लागतं, आणि तुमच्या पथकाची लेखी कार्यपद्धती इथल्या मजकुराहून केव्हाही वरचढ समजावी.

बर्फाखालची डायव्हिंग इतर डायव्हिंगपेक्षा वेगळी का मानतात?

उघड्या पाण्यात काही बिनसलं तर शेवटचा एक उपाय हाताशी असतो, तो म्हणजे सरळ वर येणं. बर्फाखाली हा उपायच नाही. डोक्यावर छत आहे, दार एकच आहे आणि ते वीस-तीस मीटर बाजूला असू शकतं. हवा संपत आली, मास्क निघाला, दोर कुठे अडकला, तर आधी ती अडचण पाण्याखालीच निस्तरायची आणि मग आडवं पोहत दारापर्यंत यायचं.

त्यात थंडी. गोड्या पाण्याची घनता ४ अंश सेल्सिअसला सर्वाधिक असते, म्हणून हिवाळ्यात स्थिर तळ्याच्या तळाशी साधारण ४ अंशांचं आणि बर्फाला लागून शून्याजवळचं पाणी सापडतं. समुद्राचं पाणी तर उणे १.८ अंशांच्या आसपास गोठतं. शरीरातली उष्णता पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने ओढून घेतं. आधी बोटं निकामी होतात, मग विचार मंदावतो, आणि आपला विचार मंदावलाय हे ज्याचं त्याला कळत नाही.

म्हणून आत गेलेल्या पाणबुड्याची मोहीम वरचा माणूस चालवतो. किती लांब जायचं, केव्हा परतायचं, केव्हा थांबायचं हे वरून ठरतं. खालची बहुतेक उत्तरं या एका गोष्टीतूनच निघतात.

हौशी आईस डायव्हिंगचा कोर्स झालेला आहे. तेवढ्यावर पथकात काम करता येईल का?

नाही. हौशी पाणबुड्या जागा, दिवस आणि वेळ स्वतः निवडतो, आणि पाणी सहसा स्वच्छ असतं. बचावाच्या वेळी यातलं काहीच आपल्या हातात नसतं. गढूळ पाणी, तळाचा गाळ, बुडालेल्या गाडीचे पत्रे, वर उभे असलेले नातेवाईक आणि घड्याळ हे सगळं एकदम अंगावर येतं. त्या कोर्सचा पाया उपयोगी पडतो, पण दोरावर काम करणं, आंधळेपणाने हातांनी चाचपत शोधणं आणि दुसऱ्या पाणबुड्याला सोडवणं हे वेगळं शिकावं लागतं.

बर्फ फुटून माणूस पाण्यात पडला की लगेच पाणबुड्या उतरवायचा का?

माणूस दिसत असेल, कडेला धरून असेल, तर ते काम पाणबुड्याचं नाही. पृष्ठभागावरून बचाव करणाऱ्यांचं आहे. आधी बोलून धीर द्या, मग काठी किंवा शिडी पुढे करा, मग दोर फेका. यातलं काहीच जमलं नाही तर तरंगता बचाव सूट घातलेला, दोराला बांधलेला माणूस पोटावर सरपटत किंवा स्लेजवरून जातो.

इथे १-१०-१ हा नियम सगळ्यांच्या तोंडी असतो. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी तो लोकांपर्यंत पोहोचवला. गार पाण्यात पडल्यावर श्वास ताब्यात आणायला साधारण १ मिनिट लागतं, हातपाय कामाचे राहण्याचा काळ सुमारे १० मिनिटं असतो, आणि थंडीने शुद्ध हरपायला सुमारे १ तास लागतो. पडलेल्या माणसाला दहा मिनिटांनंतर दोर पकडताच येत नाही, म्हणून नुसता दोर फेकून भागत नाही. त्याच्यापर्यंत कुणीतरी पोहोचावं लागतं. तो पाण्याखाली गेला, दिसेनासा झाला, की मग पाणबुड्यांचं काम सुरू होतं.

पृष्ठभागाचं पथक काम करत असतानाच डायव्ह पथकाने अंगावर सामान चढवायला घ्यावं. "लागले तर बोलावू" असं म्हणत बसलं की मोलाची मिनिटं जातात.

पाण्याखाली गेलेली व्यक्ती किती वेळापर्यंत जिवंत सापडू शकते?

पाणी जितकं गार तितकी आशा जास्त, विशेषतः लहान मुलांच्या बाबतीत. पाणी ६ अंशांपेक्षा उबदार असेल तर ३० मिनिटांनंतर, आणि ६ अंश किंवा त्याहून गार असेल तर ९० मिनिटांनंतर जगण्याची शक्यता अगदीच नगण्य उरते, असं मार्गदर्शन बरीच पथकं पाळतात. बर्फाखालचं पाणी दुसऱ्या गटात मोडतं.

१९९९ साली नॉर्वेत स्कीइंग करताना एक तरुण डॉक्टर ओढ्यावरच्या बर्फाखाली अडकली. ती सुमारे ८० मिनिटं त्या पाण्यात होती आणि तिच्या शरीराचं तापमान १३.७ अंशांपर्यंत उतरलं होतं. ट्रॉम्सोच्या विद्यापीठ रुग्णालयात हृदय-फुप्फुस यंत्रावर तिचं रक्त हळूहळू गरम केलं गेलं आणि ती वाचली. मात्र सुरुवातीचा काही काळ तिला बर्फाखालच्या हवेच्या पोकळीत श्वास घेता आला होता. हे उदाहरण सांगताना ही गोष्ट बरेचदा गाळली जाते आणि मग पथकाकडून अवाजवी अपेक्षा होतात.

उतरायचं की नाही हे कोण ठरवतं?

मोहिमेचा प्रमुख ठरवतो, पण नकार कुणीही देऊ शकतो. पाणबुड्या, राखीव पाणबुड्या, दोर सांभाळणारा टेंडर, यांपैकी एकाने जरी "आज नको" म्हटलं तर तो माणूस त्या डायव्हला नाही. कारण विचारायचं नाही, नंतर टोमणेही मारायचे नाहीत. ज्या पथकात नकार द्यायला लाज वाटते, त्या पथकात सामान कितीही भारी असलं तरी ते सुरक्षित नाही, हे माझं ठाम मत आहे.

काही वेळा उत्तर आधीच ठरलेलं असतं. राखीव पाणबुड्या तयार नसेल तर उतरायचं नाही. बर्फाखाली प्रवाह असेल तर उतरायचं नाही: प्रवाहात दोराला झोळ पडतो, खुणा पोहोचत नाहीत आणि दमलेला पाणबुड्या भोकापासून दूर ओढला जातो. बर्फ सरकत असेल, तडे वाढत असतील, तरी तेच.

आणि वेळ निघून गेली असेल, तर ती बचाव मोहीम राहत नाही, मृतदेह शोधण्याची मोहीम होते. हे स्पष्ट शब्दांत जाहीर करावं, कारण त्या क्षणापासून घाईचं कारण संपतं. उजेड होऊ द्या, माणसं वाढवा, सोनार (ध्वनिलहरींनी पाण्याखालचं शोधणारं यंत्र) आणा. काठावर आईवडील रडत असतात तेव्हा हे बोलणं फार जड जातं. म्हणून त्यांच्याशी बोलायला वेगळा माणूस नेमा, आणि निर्णय घेणाऱ्यावर तो भार येऊ देऊ नका.

बर्फ किती जाड असावा?

स्वच्छ, निळसर, नवा बर्फ एका चालत्या माणसासाठी किमान १० सेंटिमीटर असावा, असं साधारण मानतात. पांढरा, बर्फवृष्टीतून झालेला बर्फ निम्म्याच ताकदीचा धरतात, म्हणजे तिथे दुप्पट जाडी हवी. डायव्ह पथकाचा भार मात्र एका जागी एकवटतो: सहा-आठ माणसं, हवेच्या टाक्या, तंबू, हीटर. त्यामुळे माणसं पसरून उभी करा, जादा सामान काठाजवळ ठेवा आणि गाडी बर्फावर आणू नका.

वाटेवर ठरावीक अंतराने भोकं पाडून जाडी मोजत जायचं. ओढा जिथे तळ्याला मिळतो, झरे, पुलाचे खांब, पाणवनस्पतींचे पट्टे, उन्हात तापणारे काळे खडक, या जागी बर्फ अचानक पातळ होतो. तळ्यातलं पाणी उपसलं किंवा सोडलं गेलं असेल तर बर्फ खालून अधांतरी राहतो आणि वरून धडधाकट दिसतो. आणि मुख्य म्हणजे, जिथे माणूस पडला तिथला बर्फ एकदा फुटलेला आहे. तुमचा पहिला संशय त्याच जागेवर असू द्या.

भोकाजवळ वावरणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर तरंगता सूट किंवा लाइफ जॅकेट हवंच. अगदी कडेला काम करणारा टेंडरही बर्फात पक्क्या रोवलेल्या आईस स्क्रूला बांधलेला असावा.

कमीत कमी किती माणसं लागतात?

एक पाणबुड्या, त्याचा टेंडर, एक राखीव पाणबुड्या, त्याचा वेगळा टेंडर आणि एक प्रमुख. पाचांच्या खाली विचारच करू नये. वैद्यकीय मदतनीस आणि नोंदी ठेवणारा यांत धरलेले नाहीत. एका टेंडरच्या हातात दोन दोर कधीही द्यायचे नाहीत.

टेंडरचं काम नेमकं काय? नवशिक्याला ते दिलं तर चालेल का?

चालणार नाही. बऱ्याच ठिकाणी "तू नवीन आहेस, दोर धर" असं होतं, आणि ते चुकीचं आहे. पाण्याखालच्या माणसाला दिसत नाही, ऐकू येत नाही, थंडीने त्याचं डोकंही पुरतं चालत नाही. त्याचे डोळे, घड्याळ आणि नकाशा म्हणजे टेंडर.

टेंडर दोर सतत हातात ठेवतो आणि त्यात हलकासा ताण राखतो. पतंग उडवणाऱ्याला मांजा बोटांवर जसा बोलतो तसा हा दोर बोलतो. पाणबुड्या नीट पोहत असेल तर दोर एका लयीत सरकतो. तो थांबला, अचानक ढील पडली, किंवा दोर जड झाला पण पुढे सरकत नसेल, तर काहीतरी घडलंय. ढील पडली म्हणजे पाणबुड्या तुमच्याकडे वळलाय किंवा दोर सुटलाय. दोन्ही शक्यता धरून ती ताबडतोब ओढून घ्यायची.

ओला दोर हवेत आला की काही सेकंदांत त्याच्यावर बर्फाचे कण बसतात, तो कडक आणि निसरडा होतो, आणि जाड हातमोज्यातून पाणबुड्याची हलकी ओढ जाणवेनाशी होते. म्हणून वर काढलेला दोर टेंडरच्या मागे मोठ्या वेटोळ्यांत किंवा पिशवीत पडू द्यावा, आणि हातातला भाग मधून मधून पाण्यात बुडवून बर्फ झाडावा. दर पंधरा-वीस मिनिटांनी टेंडरच्या हातांची विचारपूस करावी. बधिर बोटांचा टेंडर हा टेंडर नसल्यासारखाच.

घड्याळ, दाबाचे आकडे, दोर किती बाहेर गेलाय, पाणबुड्या कोणत्या दिशेला आहे, याची नोंद त्याच्या शेजारचा माणूस ठेवतो. टेंडरने मान खाली घालून लिहीत बसायचं नाही. त्याच्याशी गप्पाही मारायच्या नाहीत.

दोर आणि हार्नेस कसे असावेत?

तरंगणारा, गाठी न पडलेला, १० ते १२ मिलिमीटर जाडीचा, ठळक रंगाचा दोर, ठरावीक अंतरांवर खुणा केलेला. वरचं टोक बर्फात स्वतंत्र रोवलेल्या आधाराला पक्कं बांधलेलं. खालचं टोक पाणबुड्याच्या हार्नेसला, म्हणजे अंगावरच्या पट्ट्यांना, लॉक होणाऱ्या कॅराबिनरने (धातूच्या कडीने).

हार्नेस तरंग-जॅकेटच्या (हवा भरून तरंग सांभाळणारं, टाकी धरणारं जॅकेट) आत, ड्रायसूटच्या (पाणी आत न येऊ देणारा सूट) वर घालायचा. कारण सरळ आहे: अडचणीत जॅकेट आणि टाकी उतरवावी लागली तरी दोर अंगावरच राहायला हवा. जॅकेटच्या कडीला दोर अडकवणं ही सोय दिसते, पण ती जीवघेणी आहे. कडी छातीवर असावी, म्हणजे दोर दोन्ही हातांच्या टप्प्यात राहतो आणि ओढल्यावर माणूस डोक्याकडून येतो.

किती लांब जाऊ द्यायचं? बहुतेक पथकं ३० ते ४० मीटरच्या आत थांबतात. त्यापलीकडे शोधायचं असेल तर नवं भोक कापा.

दोराच्या खुणा कोणत्या?

पथकागणिक थोडा फरक असतो. बरेचजण वापरतात तो एक संच असा:

टेंडरकडून पाणबुड्याला:
१ ओढ: ठीक आहेस का?
२ ओढी: थांब, दिशा बदल.
३ ओढी: वर ये.
४ ओढी: जिथे आहेस तिथेच थांब, धोका.

पाणबुड्याकडून टेंडरला:
१ ओढ: ठीक आहे.
२ ओढी: दोर सोड.
३ ओढी: सापडलं.
४ किंवा जास्त ओढी: मदत हवी.

प्रत्येक खुणेला तीच खूण उलट देऊन पोच द्यायची. पोच आली नाही तर पुन्हा एकदा विचारायचं. तरीही उत्तर नाही, तर तिसऱ्यांदा विचारत बसायचं नाही. दोर मोकळा असेल तर पाणबुड्याला ओढून घ्यायचं आणि त्याच वेळी राखीव पाणबुड्याला पाण्यात सोडायचं. दोन पथकं एकत्र काम करत असतील तर उतरण्यापूर्वी सगळ्यांनी मिळून खुणा मोठ्याने म्हणून घ्याव्यात. एकाच्या "सापडलं" चा अर्थ दुसऱ्याकडे "वर घ्या" असू शकतो.

बोलण्याची यंत्रणा आहे, मग खुणा कशाला?

बॅटऱ्या थंडीत मान टाकतात, मायक्रोफोनमध्ये पाणी शिरतं. दोर बंद पडत नाही.

भोक कसं कापतात?

त्रिकोणी, प्रत्येक बाजू साधारण दोन मीटर. त्रिकोणाचे कोपरे अरुंद असतात, त्यामुळे पाणबुड्याला दोन्ही बाजूंच्या कडांवर हात टेकून स्वतःला वर उचलता येतं. शिवाय दोन पाणबुडे एकाच वेळी बाहेर येऊ शकतात. चेनसॉ वापरत असाल तर साखळीला खनिज तेलाऐवजी खाद्यतेल घाला, नाहीतर तेलाचा तवंग पाण्यात आणि पाणबुड्याच्या मास्कवर येतो. करवतीचा आणि जनरेटरचा धूर टाक्या भरण्याच्या जागेकडे जाणार नाही असं वाऱ्याचं गणित बसवा. टाकीत कार्बन मोनॉक्साइड गेला तर खोलवर तो आणखी घातक ठरतो.

कापलेला ठोकळा शक्यतो बाहेर ओढून काढा. फार जड असेल तर त्याला दोर बांधून बर्फाखाली सरकवा, म्हणजे काम संपल्यावर परत आणता येतो.

मग भोकापासून चारी बाजूंना, चाकाच्या आऱ्यांसारख्या, बर्फावरचा भुसभुशीत हिम खोऱ्याने बाजूला करा आणि त्या पट्ट्यांवर भोकाकडे रोख असलेले बाण काढा. वर हे फावल्या वेळातलं काम वाटतं. खालून मात्र अंधाऱ्या छतावर उजेडाचे पट्टे दिसतात, आणि वाट चुकलेल्या पाणबुड्याला दार कुठे आहे ते कळतं.

घाईच्या बचावात बुडालेल्या माणसाच्या भगदाडातूनच उतरावं लागतं. ते चालतं, पण त्याच्या कडा भरवशाच्या नसतात. फुटके तुकडे बाजूला करा, बाहेर यायला शिडी लावा, आणि मोहीम लांबली तर शेजारी पक्क्या बर्फात नवं भोक कापा.

रेग्युलेटर गोठतो म्हणजे नेमकं काय होतं?

टाकीतली हवा श्वास घेण्याजोगी करून तोंडापर्यंत पोहोचवणारं साधन म्हणजे रेग्युलेटर. टाकीत २०० बारच्या आसपास दाबाची हवा असते. टाकीवर बसणारा रेग्युलेटरचा पहिला भाग, फर्स्ट स्टेज, तिचा दाब एका झटक्यात साधारण १० बारपर्यंत उतरवतो. दाब असा एकदम उतरला की हवा भयंकर गार होते, इतकी की भोवतालचं पाणी ० ते ४ अंशांचं असलं तरी फर्स्ट स्टेजचा धातू शून्याच्या खाली जातो. आजूबाजूचं पाणी त्याच्यावर गोठतं, आतले हलणारे भाग उघड्या स्थितीत अडकतात आणि हवा थांबायचं नावच घेत नाही. यालाच फ्री फ्लो म्हणतात. जितकी हवा जोरात वाहते तितका धातू आणखी गार होतो, म्हणजे एकदा सुरू झालेला प्रकार आपोआप थांबत नाही.

सेकंड स्टेज, म्हणजे तोंडात धरायचा भाग, वेगळ्या कारणाने गोठतो. बाहेर उणे १५ अंशांच्या वाऱ्यात उभं राहून "चालतोय का बघू" म्हणून एक श्वास घेतला, की उच्छ्वासातली वाफ लिव्हरवर बसते आणि तिथेच तिचा बर्फ होतो. पाण्यात शिरल्यावर पहिल्याच मिनिटाला त्रास सुरू होतो, आणि दोष मात्र पाण्याला दिला जातो.

म्हणून सवयी लावून घ्याव्या लागतात. रेग्युलेटरची तपासणी उबदार, कोरड्या तंबूत करायची. बाहेर आणल्यावर पाण्यात तोंड बुडेपर्यंत त्यातून श्वास घ्यायचा नाही, पर्ज बटण (हवा जोराने सोडणारं) दाबायचं नाही. ड्रायसूटमध्ये किंवा जॅकेटमध्ये हवा भरायची ती टप्प्याटप्प्याने, छोट्या झटक्यांनी, आणि श्वास आत घेत असताना नाही. टाक्यांत भरलेली हवा कोरडी असल्याची खात्री करायची. रेग्युलेटर बाहेरच्या पाण्यापासून बंदिस्त असलेला, थंड पाण्यासाठीचा असावा. युरोपच्या ईएन २५० मानकात १० अंशांखालच्या पाण्यासाठीचे रेग्युलेटर ४ अंशांच्या पाण्यात तपासले जातात. बर्फाखालचं पाणी त्याहूनही गार असू शकतं, त्यामुळे शिक्का आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

तरीही फ्री फ्लो झाला तर?

दोन स्वतंत्र फर्स्ट स्टेज आणि प्रत्येकाला आपापला व्हाल्व्ह ही बर्फाखालची किमान अट आहे, ती याच क्षणासाठी. दुसऱ्या रेग्युलेटरवर जायचं, वाहणाऱ्याचा व्हाल्व्ह बंद करायचा, मदतीची खूण द्यायची आणि दोराच्या आधाराने परत फिरायचं. बंद केलेला रेग्युलेटर "आता सुटला असेल" म्हणून पुन्हा उघडून बघायचा नाही. डायव्ह तिथेच संपली. वर आल्यावर तो रेग्युलेटर पूर्ण वितळून, वाळून, तपासल्याशिवाय परत वापरात आणायचा नाही.

व्हाल्व्हपर्यंत हात पोहोचतो का, हे जाड कोरडे हातमोजे घालून तलावात सरावाने पाहून ठेवा. उन्हाळ्यात पोहोचणारा हात हिवाळ्याच्या कपड्यांत पोहोचेलच असं नाही.

हवा किती राखून ठेवायची?

गुहांमधल्या डायव्हिंगमधून आलेला तिहाईचा नियम ही शेवटची मर्यादा समजा: एक तृतीयांश जायला, एक परतायला, एक राखीव. थंडीत आणि ताणाखाली माणूस नेहमीपेक्षा कितीतरी जास्त हवा ओढतो, म्हणून बरीच पथकं त्याआधीच परत बोलावतात. शिवाय वेळेची मर्यादा वेगळी लावावी, साधारण २० मिनिटं. हवा शिल्लक असली तरी वेळ झाली की वर.

फुल फेस मास्क आणि ड्रायसूट सक्तीचे आहेत का?

ड्रायसूट, कोरडे हातमोजे आणि आत उबदार थर यांबद्दल तडजोड नाही. सूटमध्ये पाणी शिरलं तर डायव्ह थांबली, मग शोध कितीही जवळ आलेला असो.

फुल फेस मास्क पूर्ण चेहरा झाकतो, बोलता येतं आणि घाणेरड्या पाण्यापासून वाचवतो. पण तो निघाला किंवा पाण्याने भरला तर शून्य अंशांचं पाणी एकदम गाल, नाक, कपाळावर आदळतं. छाती आपोआप हवा ओढू पाहते, डोळे मिटतात, काही सेकंद हात काय करतायत हेच कळत नाही. हा झटका सरावाने कमी होतो, पूर्ण जात नाही. म्हणून खिशात साधा मास्क आणि दुसरा रेग्युलेटर हाताशी असायलाच हवा, आणि मास्क बदलण्याचा सराव खरोखरच्या गार पाण्यात झालेला असावा. स्नॉर्केल मात्र घेऊ नका. छताखाली त्याचा उपयोग शून्य, दोर तेवढा अडकतो.

पाण्याखाली राहायला अंगावर बांधलेली वजनं अडचणीत सोडून द्यायची का?

बर्फाखाली नाही. वजन सोडलेला पाणबुड्या छताला खालून चिकटतो आणि त्याला भोकाकडे सरकणं अवघड होतं. वजनं चुकून सुटणार नाहीत अशी बांधा, आणि सोडायची ती भोकात डोकं बाहेर आल्यावर.

शोध कसा घ्यायचा?

प्रत्यक्षदर्शी जिथून बघत होता त्याच जागी त्याला उभं करा आणि तिथून दिशा दाखवायला सांगा. दोन साक्षीदार असतील तर दोन दिशा जिथे छेदतात ती जागा. स्थिर पाण्यात बुडालेला माणूस शक्यतो जवळपास सरळ खाली जातो, म्हणून सुरुवात भगदाडाच्या थेट खालून.

पाणबुड्या दोर ताणून धरतो आणि कमानीत फिरतो. कमान पूर्ण झाली की टेंडर थोडा दोर सोडतो, किती ते पाणी किती गढूळ आहे त्यावर. दोर ताणलेला असेल तर कमान आपोआप नीट येते आणि कुठला भाग तपासला हे वरून सांगता येतं. नजर तळावरच असू नये. जाड कपड्यांत हवा अडकलेली व्यक्ती बर्फाच्या छतालाही चिकटलेली सापडू शकते.

दोर सुटला किंवा तुटला तर पाणबुड्याने काय करायचं?

शोधत फिरायचं नाही. दार शोधायला निघालेला माणूस बहुधा दारापासून लांब जातो. सावकाश वर यायचं, एक हात डोक्यावर धरून बर्फाला टेकायचं, सुरी किंवा आईस स्क्रू बर्फात रोवून तिथेच थांबायचं. शरीर उभं ठेवायचं, कारण उभ्या शरीराला दोर अडकतो, आडव्यावरून तो निसटू शकतो. श्वास हळू. उजेडाचे पट्टे आणि बाण स्पष्ट दिसत असतील तरच त्यांच्या रोखाने जायचं.

वर टेंडरच्या हातात रिकामा दोर आला की तो "दोर सुटला" असं ओरडतो आणि शेवटची दिशा व लांबी सांगतो. राखीव पाणबुड्याचा दोर मुख्य पाणबुड्याच्या दोरापेक्षा बराच लांब असतो, दीडपट ते दुप्पट. तो हरवलेल्याच्या शेवटच्या जागेच्या पलीकडे जातो, बर्फाच्या लगत खालून, आणि मग दोर ताणून भोकाभोवती पूर्ण वर्तुळ मारतो. त्याचा ताणलेला दोर छताखालून झाडूसारखा फिरतो आणि थांबलेल्या पाणबुड्याला जाऊन लागतो. दोर लागला की तो धरायचा, आणि राखीव पाणबुड्या त्याच दोराने त्याच्यापर्यंत येतो.

ही सगळी युक्ती एकाच अटीवर चालते: हरवलेला माणूस एका जागी थांबला पाहिजे.

राखीव पाणबुड्या किती तयार असावा?

मास्क चढवायचा आणि पाण्यात शिरायचं, एवढंच बाकी असावं. सूट बंद, टाकी पाठीवर, दोर जोडलेला, टेंडर शेजारी. वाऱ्यापासून आडोसा द्या, बसायला द्या, पण भोकापासून काही पावलांवर. गाडीत हीटर लावून बसलेला माणूस राखीव धरायचा नाही.

सापडलेल्या व्यक्तीला वर आणल्यावर काय?

शक्य तितकं आडवं ठेवा आणि हळुवार हाताळा. गारठलेलं हृदय धक्क्याने लय सोडू शकतं, आणि उभं उचललं तर रक्तदाब कोसळू शकतो. बुडालेल्या व्यक्तीला आधी कृत्रिम श्वास, मग छाती दाबणं. फार गारठलेल्या माणसाची नाडी मंद आणि बारीक असते, म्हणून ती तपासायला मिनिटभर द्या. हातपाय चोळू नका. हृदय-फुप्फुस यंत्राची सोय असलेल्या रुग्णालयाला लवकरात लवकर कळवा. शरीर पुन्हा उबदार करून पाहिल्याशिवाय आशा सोडायची नाही, हा डॉक्टरांचा नियम आहे. "गेला" हा शब्द पथकाने बर्फावर उच्चारू नये.

डायव्हनंतर पाणबुड्याची काय काळजी घ्यायची?

कोरडे कपडे, उबदार तंबू, गरम पेय. लगेच कडकडीत गरम शॉवर नको आणि अंगमेहनतीचं कामही नको: गारठलेल्या शरीरात विरघळलेला नायट्रोजन एकदम तापल्यावर बुडबुड्यांच्या रूपात बाहेर येऊ शकतो. सांधे दुखणं, मुंग्या, विचित्र थकवा यांना "थंडीमुळे असेल" म्हणून सोडून देऊ नका. ऑक्सिजन द्या आणि डॉक्टरांना दाखवा. डोंगरातली तळी ३०० मीटरहून जास्त उंचीवर असतील तर डायव्ह टेबलला (खोली आणि वेळेच्या सुरक्षित मर्यादांचा तक्ता) उंचीची दुरुस्ती लावावी लागते. ही गोष्ट घाईत हमखास विसरली जाते, म्हणून ती यादीत छापून ठेवा.

त्याच दिवशी दुसरी डायव्ह? थरथर पूर्ण थांबली असेल, बोटं नीट चालत असतील आणि वैद्यकीय मदतनीस हो म्हणत असेल तरच.

रोबोट आणि सोनार असताना माणूस उतरवायचाच कशाला?

मृतदेह शोधताना नेहमी आधी यंत्र पाठवा. जागा सापडली की पाणबुड्याला थेट तिथे नेता येतं आणि पाण्याखालचा वेळ निम्म्याहून कमी होऊ शकतो. जिवंत सापडण्याची आशा असते तेव्हा यंत्र जोडण्यात जाणारी मिनिटं महागात पडतात. दोन्ही कामं समांतर चालू शकतात.

मोहीम संपल्यावर भोकाचं काय करायचं?

ठोकळा परत जागेवर बसवा. भोवती ठळक रंगाच्या काठ्या रोवा, त्यांना पट्टी बांधा आणि चमकणारे रिफ्लेक्टर लावा, म्हणजे रात्री स्नोमोबाइलच्या दिव्यात दिसतील. बसवलेला ठोकळा काही तासांत कडेने चिकटलेला दिसतो, पण भार पेलायला त्याला बराच काळ लागतो. वर नवा हिम पडला तर ती जागा ओळखूही येत नाही. त्यामुळे काठ्या किमान काही दिवस तशाच ठेवा, स्थानिक प्रशासनाला नेमकी जागा कळवा, आणि त्या काढायची जबाबदारी कुणाची हे निघण्यापूर्वी नाव घेऊन ठरवा.